झिलई : शिकलगाराच्या कुरुंदापासून मोटारीच्या वॅक्सपर्यंत (थ्रेड)

पुणे–सातारा महामार्ग चेलाडी फाट्यावर सोडला, की नसरापूर, मार्गासनी असे करीत रस्ता वेल्ह्याकडे वळतो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, समोर तोरण्याची लांबलचक माची आणि पावसाळ्यात रस्त्याच्या कडांवर माजलेली करवंदीची जाळी. समोरून एसटी आली, की लहान मोटारीला कडेला सरकावेच लागते आणि काटे दारावरून ओढले जातात. गुंजवणे किंवा वेल्हे गाठून, गड पाहून परतलेली गाडी दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या आवारात कोरड्या फडक्याने पुसली जाते. काट्यांनी काढलेले चरे लांब आणि मोजके असतात. फडक्याखाली घासल्या गेलेल्या वाळक्या चिखलाने उठलेले ओरखडे बारीक आणि असंख्य. मग एखाद्या दुपारी उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसू लागतात आणि मालक 'रबिंग-पॉलिश'वाल्याचा पत्ता शोधू लागतो.

या व्यवहारात इतिहास तो काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घासून चकाकी आणण्याची ही विद्या याच डोंगरांत साडेतीनशे वर्षांपूर्वीही अत्यावश्यक होती. फरक इतकाच, की तेव्हा तिच्यावर गाडीची किंमत अवलंबून नव्हती. माणसाचा जीव अवलंबून होता.

तोरणा स्वराज्यात आल्यानंतर समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला आणि सुमारे पाव शतक तेथून राज्यकारभार चालला. राजधानीच्या किल्ल्यावर शस्त्रागार आलेच. राज्याभिषेकानंतर रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रांसाठी एक स्वतंत्र वर्ग आहे, यावरून या विषयाचा पसारा लक्षात यावा. भाले, पट्टे, धोपा, कट्यारी आणि फिरंगा. 'फिरंग' म्हणजे युरोपीय पात्याची तलवार. जर्मनी, स्पेन, इटली येथील पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत किनाऱ्यावर उतरत आणि येथे त्यांना देशी मूठ बसवली जाई.

हे पाते कितीही उत्तम असले, तरी घाटमाथ्यावरचा पाऊस त्याचा शत्रूच होता. चार महिने हवेत पाणी भरून राहते. अशा हवेत उघड्या पोलादावर गंज चढायला वेळ लागत नाही. गंज नुसता वर बसत नाही. तो लोखंडालाच खातो आणि पात्यावर बारीक खड्डे पाडतो. तेल, चरबी, मेण यांचा हात देऊन शस्त्रे ठेवली जात, ती हवा आणि पाणी यांना धातूपर्यंत पोहोचू न देण्यासाठीच. पावसाळा सरला, की आश्विनात शस्त्रे बाहेर निघत, साफ होत, नवमीला पूजली जात आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. खंडेनवमी हे नावच खंड्यावरून, म्हणजे सरळ पात्याच्या तलवारीवरून आलेले आहे. धार्मिक विधी आणि मोहिमेपूर्वीची देखभाल यांचा असा मेळ दुसरीकडे क्वचितच सापडेल.

हे काम करणारा कारागीर म्हणजे शिकलगार. शब्दाचे मूळ अरबी 'सैकल', म्हणजे घासून उजळणे किंवा उजळणारा. त्याला फारसी 'गर' प्रत्यय लागून 'सैकलगर' झाला आणि मराठीच्या जिभेवर 'शिकलगार'. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांत ते आडनाव म्हणून आजही आढळते. 'झिलई' हा शब्दही अरबी 'जिला' या शब्दाशी नाते सांगतो. घडवणारा लोहार वेगळा, उजळणारा शिकलगार वेगळा. हा भेद भाषेने इतका काटेकोरपणे जपला आहे, की उजळणे हे दुय्यम काम मानले जात नव्हते, हे निराळे सांगण्याची गरज उरत नाही.

शिकलगाराच्या साहित्यात मुख्य वस्तू दोन : घासणारी आणि धरून ठेवणारी. घासणारी वस्तू म्हणजे कुरुंद. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्, आणि तेथूनच इंग्रजीतले 'कोरंडम'. माणिक आणि नीलम ही रत्ने याच खनिजाची शुद्ध, रंगीत रूपे होत. कठीणपणाच्या मोहस् मापात हिऱ्याला १० अंक, तर कुरुंदाला ९. धरून ठेवणारी वस्तू म्हणजे लाख. कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत कालवून तिचे चाक घडवीत. हिंदुस्थानातील रत्ने घासणारे आणि शस्त्रांना धार लावणारे कारागीर शतकानुशतके हे चाक वापरत आले आहेत. एकाने दोरीने किंवा पट्ट्याने ते फिरवायचे आणि दुसऱ्याने पाते धरायचे.

आता मोटारीच्या रबिंग कंपाऊंडचा डबा घ्यावा. त्या लगद्यात जे अतिसूक्ष्म कण असतात, ते बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक म्हणजेच कुरुंद. खाणीतला न राहता तो भट्टीतला झाला आणि कणांचा आकार यंत्राने नियंत्रित होऊ लागला, एवढाच बदल. वॉटर पेपरवरचे काळे कण मात्र निराळे असतात. ते सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन याने १८९०च्या दशकाच्या आरंभी माती आणि कोळसा विजेच्या भट्टीत तापवून ते बनवले. आपल्या हाती कार्बन आणि कोरंडम यांचे मिश्रण लागले, असा त्याचा समज झाला आणि त्याने नाव ठेवले 'कार्बोरंडम'. समज चुकीचा होता, पण नाव टिकले. आणि त्या नावात कुरुंदही टिकला.

घासल्याने चकाकी येते, हे सर्वांना ठाऊक असते. ती का येते, यावर मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाद होता. न्यूटन आणि पुढे रॅले यांचे मत साधे होते : मोठे ओरखडे घालवण्यासाठी आपण लहान ओरखडे काढतो, ते घालवण्यासाठी त्याहून लहान. जॉर्ज बीलबी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी वेगळी कल्पना मांडली. घासताना पृष्ठभागाचा पातळ थर द्रवासारखा वाहतो आणि सगळे खड्डे भरून काढतो, असे त्याचे म्हणणे. ही कल्पना आकर्षक होती आणि बराच काळ मान्यही होती. पुढे धातूंच्या पृष्ठभागांचा सूक्ष्मदर्शकाने बारकाईने अभ्यास झाला, विशेषतः ऑस्ट्रेलियातील लेनर्ड सॅम्युअल्स यांच्या कामातून, तेव्हा कण धातूला प्रामुख्याने कापतच असतात, हे स्पष्ट झाले. न्यूटनचा पक्ष बऱ्याच अंशी खरा ठरला.

म्हणजे ओरखडा 'पुसला' जात नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग खाली आणला जातो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन, उरलेले ओरखडे याहून पुरेसे लहान झाले, की प्रकाश विखुरत नाही, आरशासारखा सरळ परततो आणि डोळा त्याला झिलई म्हणतो. बॉनेटवरच्या वर्तुळांचेही रहस्य यातच आहे. ती वर्तुळे खरी नसतातच. ओरखडे सर्व दिशांना पसरलेले असतात. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे योग्य कोनात असतील, तेवढेच डोळ्याकडे प्रकाश पाठवतात. गाडीभोवती फिरून पाहिले, तर वर्तुळही आपल्याबरोबर सरकते.

एक गंमत येथेच नोंदवावी. सोनार आणि भिंग घडवणारे कारागीर अखेरची झिलई देण्यासाठी जी तांबडी पूड वापरत आले, ती म्हणजे लोहाचे ऑक्साइड. गंजाचाच सख्खा भाऊ. पात्याचा वैरी असलेला पदार्थ नीट वाटून, गाळून घेतला, की चकाकीचा सेवक होतो.

झिलई म्हणजे नियंत्रित झीज, हे एकदा मान्य केले, की शिकलगाराच्या कौशल्याचा अर्थ बदलतो. किती घासावे, यापेक्षा कोठे थांबावे, हे त्याला कळावे लागे. हिंदुस्थानी पोलादाच्या काही पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. तिला जौहर म्हणत. ती रंगवलेली नसते, पोलादाच्या अंतर्रचनेतून आलेली असते. पाते फार घासले, तर ती दिसेनाशी होते आणि हिराकशीसारख्या क्षाराच्या द्रावणाने ती पुन्हा उठवावी लागते. मुठीवर कोफ्तगारी असेल, तर प्रकरण आणखी नाजूक. लोखंडाच्या पृष्ठभागावर बारीक आडवे-उभे चरे पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवतात. तेथे सोन्याचा थर इतका पातळ असतो, की हौशी माणसाने चिंच आणि राख घेऊन केलेली एका सकाळची 'सफाई' दोन शतकांचे काम पुसून टाकू शकते. कोफ्तगारीत ओरखडा हाच दागिन्याचा पाया असतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

मावळातील जुन्या देशमुखी घराण्यांच्या देव्हाऱ्यांत तलवारी पूजल्या जातात. त्यांची दरवर्षीची घासपूस भक्तीने होते. त्यात वावगे काही नाही. परंतु पात्यावरचा ठसा, कारागिराचे चिन्ह, देवनागरीत किंवा फारसीत कोरलेले एखादे अक्षर, हे सारे पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरात असते. इतिहासाच्या अभ्यासकाला जे हवे असते, तेच आधी झिजते. मूर्तींच्या बाबतीत महाराष्ट्राने हा प्रश्न जाहीरपणे चर्चिलेला आहे. पंढरपूर आणि कोल्हापूर येथील मूर्तींची झीज आणि वज्रलेप यांवर बरेच बोलले आणि लिहिले गेले. शस्त्रांच्या बाबतीत तशी चर्चा जवळपास झालीच नाही.

शिकलगाराचे पुढे काय झाले? राजगड, तोरणा हे किल्ले पंतसचिवांच्या भोर संस्थानात होते. संस्थानाचे पाच तालुके किल्ल्यांच्या नावांनी किंवा मावळांच्या नावांनी ओळखले जात : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. (वेल्हे तालुक्याला अलीकडे 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय झाला, तेव्हा अनेकांना ते नवे वाटले, संस्थानी कागदांत ते जुनेच आहे.) पेशवाई संपल्यावर १८२०मध्ये इंग्रजांनी पंतसचिवांशी करार केला. सातारचे राज्य १८४९मध्ये खालसा झाले आणि भोर थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आले. १८५७नंतर इंग्रजी मुलुखात शस्त्रे गोळा करण्याची मोहीम निघाली आणि १८७८च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. भोर संस्थान असले, तरी सभोवतालचा बराच मुलूख इंग्रजांचा होता.

कायद्याने तलवार घरात कोंडली आणि तिला उजळणाऱ्याची रोजी रस्त्यावर आली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत सैकलगारांची नोंद आहे, ती सुऱ्या आणि हत्यारे यांना धार लावणारा गरीब, फिरता समाज अशी. विळे, कोयते, अडकित्ते, कात्र्या. खांद्यावर सराण, म्हणजे धारेचे चाक, घेऊन गावोगाव फिरणे. मराठी ग्रामीण आठवणींत कल्हईवाल्याला जेवढी जागा मिळाली, तेवढी धारवाल्याला मिळाली नाही. राजधानीच्या शस्त्रागारात ज्याची हजेरी अटळ होती, त्याच्या वंशजांविषयी आपल्या इतिहासलेखनात चार ओळी शोधाव्या लागतात. ही उणीव लहान नाही. तलवार कोणाची, यावर ग्रंथ निघतात. ती तीन-साडेतीन शतके टिकली कोणामुळे, हे विचारले जात नाही.

आता दुसऱ्या धाग्याकडे, म्हणजे लाखेकडे वळू. कुसुम, पळस, बोर यांच्या फांद्यांवर वाढणारा लाखेचा किडा जी राळ सोडतो, ती म्हणजे लाख. संस्कृत 'लाक्षा' फारसी आणि पोर्तुगीज वळणांनी युरोपात गेली आणि चकाकत्या लेपासाठी 'लॅकर' हा शब्द रूढ झाला. लाख मद्यार्कात विरघळवून, कापसाच्या बोळ्याने शेकडो पातळ थर देत लाकूड चमकवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये बहरली. आपल्याकडचे सुतार तिला आजही 'फ्रेंच पॉलिश' म्हणतात. म्हणजे माल हिंदुस्थानचा आणि नाव फ्रान्सचे. सावंतवाडीची रंगीत लाखकामाची खेळणी पाहिली, की ही चकाकी आपल्या घरचीच होती, हे पटते.

पहिल्या मोटारी या घोडे काढून घेतलेल्या बग्ग्याच होत्या, आणि रंगही बग्गीचाच. जवसाच्या तेलावर आधारलेले व्हार्निश ब्रशाने लावायचे, ते वाळू द्यायचे, प्युमिस दगडाच्या पुडीने घासायचे, पुन्हा लावायचे. एक गाडी रंगून तयार व्हायला कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्डची यंत्रमाला तासाला गाड्या ओकू लागली, तेव्हा रंग हीच सर्वांत मोठी अडचण झाली. १९१४ ते १९२५ या काळात त्याची मॉडेल टी केवळ काळ्या रंगात मिळे, यामागे तऱ्हेवाईकपणापेक्षा कारखान्याची सोय अधिक होती. भट्टीत भाजता येणारे डांबरी काळे व्हार्निश स्वस्त आणि टिकाऊ होते.

कोंडी फुटली ती बारुदखान्यातून. ड्यूपाँ ही अमेरिकेतील स्फोटकांची मोठी कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने कापसावर नत्राम्लाची प्रक्रिया करून प्रचंड प्रमाणावर नायट्रोसेल्युलोज बनवले. युद्ध संपले आणि कारखाने रिकामे झाले. त्याच पदार्थाचे पातळ, फवारता येणारे, काही तासांत वाळणारे लॅकर १९२३च्या सुमारास तयार झाले आणि त्याचे नाव ठेवले गेले ड्यूको. जनरल मोटर्सने १९२४च्या ओकलंड गाडीला ते प्रथम लावले आणि रंगीत मोटार सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आली. या लॅकरात लाखेचा कणही नव्हता. उरले होते ते फक्त नाव. आपल्याकडे मात्र 'ड्यूको' हा शब्द असा रुजला, की आज कपाटाच्या दारांना तसा गुळगुळीत रंग हवा असला, तरी मराठी सुतार 'ड्यूको मारू या' असेच म्हणतो. त्या शब्दामागे तोफांच्या दारूचा कारखाना आहे, याची जाणीव ना सुताराला, ना गिऱ्हाइकाला.

ड्यूकोने एक सोय केली आणि एक गरज निर्माण केली. ते झटपट वाळे, परंतु वाळताना त्याची चमक मंदावे. कारखान्यातच त्याला घासून चकाकी आणावी लागे. पुढे उन्हाने त्याचा वरचा थर पांढरट, खडूसारखा होई. तो काढायचा, खालचा ताजा रंग उघडा करायचा आणि वर मेण चढवून ऊन-पाणी थोपवायचे, हा क्रम वर्षातून एकदा-दोनदा करावाच लागे. गाडीच्या पॉलिशचे डबे घरोघरी पोहोचले ते या रसायनामुळे. रंगाऱ्यांच्या फुफ्फुसांचाही येथे संबंध येतो. त्या काळच्या रंगात शिसे असे आणि कोरडे घासताना त्याची धूळ श्वासात जाई. १९२१मध्ये थ्रीएम कंपनीने पाण्यात भिजवून वापरता येणारा घासकागद आणला आणि धूळ बसली. हाच आपला वॉटर पेपर. दुरंगी गाड्यांची फॅशन आली, तेव्हा रंगाची सरळ सीमा साधण्यासाठी त्याच कंपनीच्या रिचर्ड ड्रू याने १९२५मध्ये मास्किंग टेप काढली. आज घरात चिकटपट्टी लागत नाही असा दिवस नसतो. तिचे आजोळ मोटारीच्या रंगशाळेत आहे.

मेणाची कथा सह्याद्रीतून सुरू करता येईल. आग्यामोहोळ उतरवून मध आणि मेण काढणे हे डोंगरातील लोकांचे जुने काम आहे. परंतु मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंशांवर वितळते, आणि वैशाखात उन्हात उभ्या असलेल्या काळ्या बॉनेटला हात लावून पाहिला, तर अडचण ध्यानात येते. असे मेण तेथे मऊ पडते आणि धूळ धरून ठेवते. उत्तर सापडले ब्राझीलच्या ईशान्येकडील कोरड्या प्रदेशात. तेथील कार्नाउबा ताड आपल्या पानांवर मेणाचा थर चढवून पाणी वाचवतो. हे मेण ८० अंशांच्या पुढे वितळते आणि निसर्गातील मेणांत अत्यंत कठीण समजले जाते. अमेरिकेतील एस. सी. जॉन्सन कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन १९३५मध्ये या ताडाच्या शोधार्थ स्वतः विमानाने ब्राझीलला गेले, यावरून त्याचे व्यापारी मोल कळते. एक झाड दुष्काळात तगण्यासाठी जे करते, तेच माणूस गाडीवर चोपडतो.

मेण ओरखडा काढत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण बाजारात याच मुद्द्यावर बरीच फसगत होते. मेण किंवा तेलकट ग्लेझ बारीक चऱ्यांत भरते, त्यांच्या धारदार कडा झाकते आणि प्रकाश विखुरणे थांबते. गाडी नवी दिसते. चार-सहा धुलाया झाल्या, की भरण निघून जाते आणि जाळे परत उगवते. कंपाऊंडने ओरखडा खरोखर जातो, पण रंगाच्या थराची किंमत मोजून.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे ही किंमत फारशी जाणवली नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट-पद्मिनी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. मिळाली, की ती दोन-दोन दशके वापरली जाई. गॅरेजवाला लांबी भरे, पॉलिश पेपर मारी, पुन्हा रंग फवारी. रंग एकसंध असे. वरून खालपर्यंत तोच. दोन वेळा जोराने घासला, तरी खाली तोच रंग सापडे. त्या काळातल्या कारागिराचा हात याच भरवशावर तयार झाला.

१९८०च्या दशकापासून जगभर रंगाची रचनाच बदलली आणि १९९०नंतर पिंपरी, चाकण परिसरात मोटारींचे कारखाने वाढले, तशी ती भोर-वेल्ह्याच्या दारात आली. पत्र्यावर विजेच्या साहाय्याने बसवलेला प्रायमर, त्यावर मधला थर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर-कोट. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यात क्लिअर-कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा माणसाच्या केसाहूनही पातळ. सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. जाड कंपाऊंड आणि वेगाने फिरणारा बफ एका खेपेत काही मायक्रॉन सहज उतरवतो. वर्षातून दोनदा हौसेने गाडी 'रबिंग' करून घेणारा मालक चकाकीसाठी गाडीचे छत्रच विरळ करत असतो. पाच-सहा वर्षांनी टपावर पांढरे पापुद्रे सुटतात, तेव्हा दोष उन्हाला दिला जातो. जुन्या पद्धतीत तरबेज झालेल्या हातानेच नव्या रंगाचे सर्वाधिक नुकसान केले, हे कटू असले तरी खरे आहे. बॉनेटच्या कडा आणि दारांवरचे उठाव येथे थर मुळातच पातळ असतो. बफ नेमका तेथेच आधी खालचा रंग उघडा पाडतो.

म्हणून जाणता कारागीर आधी नख फिरवून पाहतो. नख अडकले नाही, तर ओरखडा क्लिअर-कोटच्या वरच्या भागात आहे. तो बारीक पॉलिशने जाईल. नख अडकले, तर तो खोल आहे. त्याच्या तळापर्यंत घासत जाणे म्हणजे आजूबाजूचे सगळे गमावणे. अशा वेळी कडा किंचित मऊ करून चरा राहू देतात किंवा तेवढ्यापुरते टचिंग करतात. गाडी आधी भरपूर पाण्याने धुतात आणि कोरडी माती कधीच पुसत नाहीत. जाडी मोजण्याचे छोटे यंत्रही आता मिळते. जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याचा उपयोग निराळा आहे : एखाद्या दारावर आकडा २००च्या बराच पुढे गेला, की ते दार पुन्हा रंगवलेले, म्हणजे बहुधा कधीतरी ठोकलेले.

जुन्या ऐतिहासिक मोटारींच्या जगातही विचार पालटला. पूर्वी संग्राहक गाडी विकत घेताच तिला आरशासारखी करून टाकत. २०१२मध्ये जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, ट्यूरिन सनद स्वीकारली आणि नूतनीकरणापेक्षा जतनाला प्राधान्य दिले. वापराच्या खुणा, मूळ रंग, त्यावरचे जुनेपण हा पुरावा आहे. तो विनाकारण पुसू नये, अशी तिची भूमिका. कारखान्याचा मूळ रंग अंगावर असलेली, थोडी मळकट गाडी आता कित्येकदा नव्याने रंगवलेल्या गाडीहून अधिक मोलाची ठरते. संग्रहालयांतील शस्त्रांबाबत संवर्धक हेच सांगत आले आहेत : गंज थांबवा, चकाकीच्या मागे लागू नका. देव्हाऱ्यातल्या तलवारीला ही सनद लागू करावी काय, हा प्रश्न अवघड आहे, कारण तेथे ती पुराव्याची वस्तू नसून कुळाची देवता असते, आणि देवता मळकट ठेवणे कोणत्याच घराला रुचणार नाही. निदान ठशाची जागा, मुठीजवळचे अक्षर आणि सोन्याचे काम राख-चिंचेपासून दूर ठेवता येईल. त्याआधी त्यांचे एक चांगले छायाचित्रही काढून ठेवता येईल.

आश्विन शुद्ध नवमीला भोरच्या पेठेत आणि वेल्ह्याच्या वाड्या-वस्त्यांत अजूनही पूजा मांडली जाते. पाटावर कोयता, विळा, पहार. जुन्या घरांत एखादे पाते. आणि अंगणात धुऊन उभी केलेली दुचाकी, ट्रॅक्टर किंवा मोटार. झेंडूची माळ आरशांना बांधतात. ओल्या हळद-कुंकवाचे स्वस्तिक बॉनेटवर काढतात आणि वर अक्षता टाकतात. दसऱ्यानंतर ते वाळून खडखडीत झालेले असते. मग कोणीतरी कोरडे फडके आणून ते जोर लावून पुसते, आणि स्वस्तिकाच्या जागी पुढच्या उन्हात नवी वर्तुळे दिसू लागतात.